बोकडाचा शेजार

चांदवडच्या आमच्या गल्लीत शेळ्या बऱ्याच घरी आहेत, पण पैदाशीचा बोकड आमच्याच दावणीला. शेळी पाळायला थोडी जागा आणि थोडा पाला पुरतो. बोकड पाळायचा तर शेजाऱ्यांची मर्जीही सांभाळावी लागते. म्हणून बहुतेक जण शेळ्याच पाळतात आणि गरजेपुरता आमचा बोकड वापरतात. माजावर आलेली शेळी कुणी चालवत आणतं, कुणी मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये धरून आणतं, कुणी कांद्याच्या पिकअपमध्ये उभी करून आणतं. शेळी साधारण २१ दिवसांनी माजावर येते आणि माज दीड-दोन दिवस टिकतो. तेवढ्यात बोकड मिळाला नाही तर पुढचे तीन आठवडे फुकट गेले. त्यामुळे आमच्या दाराची कडी पहाटेही वाजते आणि जेवणाच्या ताटावरही वाजते.

घरच्या जमिनीचं आणि कांद्याचं हे बघतात, बोकड बघते मी. आमच्याकडे बहुतेक वेळा संगमनेरी बोकड असतो. ही जात नाशिक, नगर, पुणे याच पट्ट्यातली. इथल्या कोरड्या माळाला आणि बाभळीच्या शेंगांना सरावलेली. मधूनमधून उस्मानाबादीही ठेवला. एका बोकडाला वीस-पंचवीस शेळ्या हे प्रमाण बरं. दोन वर्षांनी बोकड बदलायचा, नाहीतर तो आपल्याच लेकींना लागतो आणि करडं अशक्त निपजतात. म्हणजे बोकड येतात-जातात, वास मात्र कायमचा मुक्कामाला.

दारात येणारा प्रत्येक जण कधी ना कधी विचारतोच, “ताई, वासाचं कसं करता हो?” विचारण्यात काळजी असते, थोडी किळसही असते. या प्रश्नाचं उत्तर देण्यातच माझं बरंचसं काम सामावलेलं आहे, म्हणून ते सविस्तर लिहिते.

आधी हे सांगायला हवं की चांदवड वासांच्या बाबतीत नाजूक गाव नाही. मुंबई-आग्रा हायवे गावाला लागून जातो, त्याचा डिझेलचा धूर आहे. डाळिंबावरच्या फवारण्या आहेत. पावसाळ्यात चाळीतला कांदा सडायला लागला की अर्ध्या तालुक्यात नाकाला पदर लावावा लागतो. त्या वासाबद्दल कुणी कुणाकडे तक्रार घेऊन गेल्याचं मी ऐकलेलं नाही. कांदा घरोघरी आहे, त्यामुळे त्याचा वास सगळ्यांच्या पैशाचा वास आहे. बोकडाचे पैसे एका घरात येतात आणि वास दहा घरांत जातो. तक्रारीचं मूळ इथं आहे, आणि हे मनाशी मान्य केलं की शेजाऱ्यांवर रागावण्यात अर्थ उरत नाही.

बोकडाच्या अंगाचा वास वेगळा आणि बोकडाच्या जागेचा वास वेगळा. लांबून दोन्ही एकच वाटतात. जवळ जाऊन, हात लावून बघितलं की फरक कळतो. बोकडाच्या शिंगांच्या बुडाशी, मागच्या बाजूला बोट फिरवलं तर बोटाला मेणचट, तेलकट थर लागतो. तिथल्या कातडीत तेल सोडणाऱ्या ग्रंथी असतात. बोकड वयात आला की त्या फुगतात, हंगामात आणखी पाझरतात. मग तो डोकं खांबाला घासतो, शेळ्यांना घासतो, माझ्या पदराला घासतो. याच्या जोडीला त्याची दुसरी खोड. पोटाखालून मान घालून तो स्वतःच्याच दाढीवर, छातीवर आणि पुढच्या पायांवर मूत उडवतो. आपल्याला ओंगळ वाटतं. त्याच्या लेखी तो नट्टापट्टा आहे. तेल आणि मूत मिळून जो दर्प होतो तो बोकडाच्या अंगाचा.

जागेचा वास येतो तो जमिनीत मुरलेल्या मुतापासून. मुतात युरिया असतो. मातीतले जंतू त्याचा अमोनिया करतात. हा वायू नाकात शिरतो तसाच डोळ्यांतही झोंबतो. बसलेल्या जनावराचं नाक जमिनीपासून वीतभर उंच असतं, त्यामुळे आपल्याआधी तो त्याला लागतो. खोकला, वाहतं नाक, पुढे फुप्फुसाचे आजार. यावरून मी एक साधी कसोटी ठेवली आहे. कोठीत उकिडवं बसून दोन-चार श्वास घ्यायचे. नुसतं नाक मुरडलं तर तो वास बोकडाचा. डोळे चुरचुरले तर ती घाण आपली, आणि तिचं उत्तर आपणच द्यायचं.

हे दोन वास वेगळे ओळखले पाहिजेत, कारण त्यांची औषधं एकमेकांच्या उलट आहेत. माझा भाचा शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकतो. सुट्टीत आला की तो आधी आत्याच्या पाया पडतो आणि मग बोकडाच्या कोठीत शिरतो. त्यानं मला हे नीट उलगडून सांगितलं. बोकडाच्या अंगावरचा वास आम्लाच्या जातीचा आहे, तर अमोनिया त्याच्या उलट जातीचा, आम्लारी. म्हणजे एकाला मारायला खार लागतो, दुसऱ्याला आंबट. आपण मात्र दोन्हींवर एकच डबा उपडा करतो.

चुन्याचंच घ्या. गोठ्यात चुना भुरभुरा, हे प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात. चुना जंतूंसाठी चांगलाच आहे, पण तो टाकायचा झाडून, सुकवून झालेल्या जमिनीवर. ओल्या मुतावर चुना पडला की अडकून बसलेला अमोनिया एकदम मोकळा होतो आणि कोठीत उभं राहवत नाही. चुलीतल्या राखेचंही तेच. राखसुद्धा खाराच्याच जातीची. आमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या ओल्या जागी राख टाकतात. राख ओल शोषते हे खरं, पण वास वाढवते हेही खरं. त्यापेक्षा कोरडी माती बरी. माळावरची बारीक माती उन्हाळ्यातच पोत्यांत भरून ठेवली की पावसाळाभर पुरते.

अमोनियाला बांधून ठेवणारी वस्तू शेतकऱ्याच्या घरात असतेच: सिंगल सुपर फॉस्फेट. मुताच्या चरात आणि खताच्या खड्ड्यात थोडं पसरलं की वास दबतो, शिवाय उडून जाणारं नत्र खतात राहतं. बोकड बसतो त्या जागी मात्र ते टाकायचं नाही. तो जमीन चाटतो, आणि फॉस्फरस जास्त झालं तर बोकडाला मूतखडा होतो. शेळीला मूतखड्याचा तेवढा त्रास नसतो. नराची मूत्रनळी अरुंद आणि वळणाची, तिथं बारीकसा खडाही अडकतो. मूत अडकलेला बोकड वाचवणं फार कठीण असतं.

फिनेलचा मला राग आहे. फिनेलनं वास जात नाही, वासावर वास चढतो. पाहुणे येणार म्हणून कोठीत फिनेल ओतलं की बोकडाचा, मुताचा आणि फिनेलचा मिळून चौथाच काहीतरी वास तयार होतो. धुपाटणं फिरवणं त्याच जातीचं. धूर बोकडाच्या छातीत जातो आणि वास जागच्या जागी राहतो.

म्हणून माझं खरं काम खराट्याचं आहे. वाळलेल्या लेंडीला जवळजवळ वास नसतो. लेंडी आणि मूत एकत्र आलं, तुडवलं गेलं, की कुजणं सुरू होतं. त्यामुळे दोघांची भेट होऊ द्यायची नाही. आमच्या कोठीची जमीन मुरुमाची, चोपलेली, मागच्या बाजूला उताराची. उताराच्या टोकाला चर, चरातून मूत बाहेरच्या झाकणाच्या ड्रममध्ये जातं आणि पाणी मिसळून शेवग्याला आणि लिंबाला घालतो. लेंड्या पहाटेच, ऊन तापण्याआधी गोळा करते. त्या सावलीत सुकवून पोत्यांत भरल्या की डाळिंबवाले स्वतः येऊन नेतात. लेंडीखताला आमच्याकडे गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. पावसाळ्यात मुरूम ओला राहतो, तेव्हा बोकडाला लाकडी पट्ट्यांच्या मचाणावर घेते. पट्ट्यांमधल्या फटीतून लेंड्या आणि मूत खाली जातं, तो कोरडा राहतो. बोकडाला बांधून ठेवायला वीसेक चौरस फूट जागा चालते. पण फिरायला अंगण असेल तर तो एकाच जागी मुतत नाही आणि जमिनीला सुकायला वेळ मिळतो.

खुराकाचाही यात हात आहे. पेंड हवीच, हंगामात थोडी जास्तही हवी. पण गरजेपेक्षा जास्त प्रथिनं खाल्ली की जादाचं नत्र मुतातून बाहेर पडतं आणि अमोनिया वाढतो. बोकड तगडा दिसावा म्हणून घमेल्यानं पेंड घालणारे पैसे वाया घालवतात आणि वास विकत घेतात. बाजरीचं सरमाड, तुरीचं भूस, सुबाभळीचा पाला, थोडा घास, हंगामात मूठभर मका आणि पेंड; एवढ्यावर आमचा बोकड ठणठणीत असतो.

वाऱ्याचा विचार कोठी बांधताना करावा लागतो, नंतर करून उपयोग नाही. पावसाळ्यात आमच्याकडे वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. दिवाळीच्या सुमारास तो फिरतो आणि थंडीत पूर्वेकडून, ईशान्येकडून यायला लागतो. म्हणजे वर्षभर कुणाच्याच घरावर वारा जाणार नाही अशी दिशा नसतेच. आम्ही आग्नेयेचा कोपरा धरला. तिथून दोन्ही वारे तिरपे जातात, आणि ज्या बाजूला घरं जवळ आहेत तिथं शेवरीचं कुंपण दाट वाढवलं. झाडं वास खात नाहीत, पण वारा वर उचलतात, आणि वर गेलेला वास विरळ होतो.

आता अंगाच्या वासाकडे येते. पहिला सल्ला सगळे देतात तो म्हणजे बोकडाला आंघोळ घाला. कडक उन्हाच्या दिवशी, उतरत्या हंगामात, मी घालतेही. पण त्यानं दोन-चार दिवसांचा आराम मिळतो, जास्त नाही. तेल कातडीच्या आत बनतं आणि साबण कातडीच्या बाहेर चालतो. थंडीत किंवा पावसात आंघोळ घातली तर वासाऐवजी न्यूमोनियाची काळजी करावी लागते. कातरीचा उपयोग जास्त होतो. दाढी, पोटाखालचे आणि पुढच्या पायांवरचे लांब केस आखूड ठेवले की मूत धरून ठेवायला जागाच राहत नाही. निम्मा दर्प त्या केसांतच असतो. केस कापताना कातडी तपासून घेते. सतत मूत लागून पायांची आणि तोंडाची कातडी भाजल्यासारखी लाल होते, केस झडतात. तिथं कोमट पाण्यानं धुऊन खोबरेल तेलाचा हात फिरवला की बोकडाला बरं वाटतं.

भाच्यानं एकदा मोबाईलवर फेरेट नावाचा प्राणी दाखवला. मुंगसासारखा लांबुडका, पांढुरका. युरोपात सशांना बिळातून बाहेर हुसकायला तो शतकानुशतकं पाळतात, आता घरात लाडानंही पाळतात. त्याच्या मालकांचं गाऱ्हाणं माझ्या गिऱ्हाइकांसारखंच: वास. आणि कारणही तेच, कातडीतलं तेल, नरात जास्त, हंगामात आणखी जास्त. तिथले जाणकार सांगतात, सारखी आंघोळ घालू नका, त्यानं कातडी कोरडी पडते आणि तेल पुन्हा जोरानं सुटतं. अंथरूण धुवा, घाणीची जागा रोज साफ करा. अमेरिकेत विक्रीआधीच लहान पिल्लांची नसबंदी करतात आणि शेपटीखालच्या वासाच्या ग्रंथीही काढून टाकतात. तरी अंगाचा वास थोडाफार राहतोच, कारण तो त्या ग्रंथींचा नसतोच. ब्रिटनमध्ये नुसत्या वासापायी ती शस्त्रक्रिया करणं पशुवैद्य योग्य मानत नाहीत. मला त्या अनोळखी लोकांबद्दल एकदम जवळीक वाटली. त्यांनी प्राणी हौसेनं आणला, मी पोटासाठी. पण दोघांनाही खराट्यापाशीच यावं लागलं.

बोकडाच्या बाबतीतही वास मुळातून घालवायचा मार्ग आहेच. कोवळ्या वयात चिमट्यानं खच्ची केला की ग्रंथी वाढत नाहीत, मूत उडवायची खोड लागत नाही, मटणालाही दर्प राहत नाही. विकायच्या बोकडांचं आम्ही तेच करतो. परदेशात करडाची शिंगं डागताना मागच्या ग्रंथीही डागून टाकायची पद्धत आहे. पण पैदाशीच्या बोकडाचा वास काढून घेणं म्हणजे त्याचं कामच काढून घेणं. हे मी अनुभवानं मानत होते. त्याचं शास्त्र भाच्याकडून कळलं.

जपानमधल्या टोकियो विद्यापीठातल्या संशोधकांनी यावर काम केलं आणि ते २०१४ साली प्रसिद्ध झालं. त्यांनी बोकडांच्या डोक्यावर खास टोप्या बसवून केसांतून उडणारे वायू गोळा केले आणि खच्ची केलेल्या बोकडांच्या वायूंशी ताडून पाहिले. त्यात ४-एथिलऑक्टॅनाल नावाचा एक पदार्थ सापडला. तो हुंगवला की शेळीच्या मेंदूतलं प्रजननाचं घड्याळ जागं होतं, म्हणजे माजाची पहिली ठिणगी तिथं पडते. मजा अशी की या पदार्थाचा स्वतःचा वास लिंबू-संत्र्याच्या जातीचा आहे. हवेशी संयोग होऊन त्याचं आम्ल बनतं, आणि ते आम्ल म्हणजे आपण नाक धरतो तो बोकडाचा दर्प. शेळीला जे कळतं ते वेगळंच, आपल्याला फक्त त्याचं उरलंसुरलं मिळतं.

याचा व्यवहारातला उपयोग मोठा आहे. शेळ्यांना तीनेक आठवडे बोकडाचा वास, आवाज आणि दर्शन काहीच मिळू दिलं नाही आणि मग एकदम बोकड आणला, तर बऱ्याच शेळ्या थोड्याच दिवसांत एकत्र माजावर येतात. करडंही मग एकत्र येतात. पाच महिन्यांनी व्यायचं असतं, तेव्हा पाला कधी मिळेल, पाऊस कधी असेल याचा हिशेब आधीच लावता येतो. पण बोकडाचा वास चोवीस तास शेळ्यांच्या नाकात असेल तर त्याला धार राहत नाही. म्हणजे वास आवरणं शेजाऱ्यांसाठी जितकं गरजेचं, तितकंच धंद्यासाठीही. बोकड शेळ्यांपासून लांब, वाऱ्याच्या आडोशाला ठेवायचा तो याचसाठी.

लांबच्या गिऱ्हाइकांना मी फडकं देते. सुती फडकं बोकडाच्या शिंगांमागे चांगलं घासायचं आणि घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवायचं. घरी शेळीच्या नाकापुढे बरणी उघडायची. शेळी माजावर असेल तर शेपटी हलवते, बरणीला चिकटते. नसेल तर तोंड फिरवते. त्यामुळे ज्या बाईला चार-पाच किलोमीटर शेळी ओढत आणावी लागते, तिची रिकामी खेप वाचते. बरणी मात्र स्वयंपाकघरातली नको, आणि तिच्यावर खूण हवीच. बाकी काय होतं ते सांगायला नको.

दुधाचं पथ्य निराळं. शेळीच्या दुधाला स्वतःचा थोडा वास असतो, पण ‘शेळीचं दूध वास मारतं’ असं लोक म्हणतात तो वास बहुतेकदा बाहेरून आलेला असतो. दुधातली चरबी आजूबाजूचा वास पटकन ओढून घेते. बोकड जवळ बांधलेला असेल, किंवा बोकडाला हात लावून तेच हात कासेला लागले, की झालं. म्हणून आधी धार, मग बोकड, हा क्रम मी मोडत नाही. धार काढायची बोकडाच्या उलट बाजूला, स्टीलच्या भांड्यात, लगेच गाळून झाकण. आमच्या चांदवडला आणखी एक पथ्य लागतं ते कांद्याच्या पातीचं. हंगामात पात फुकट पडलेली असते, शेळ्या आवडीनं खातात आणि संध्याकाळच्या दुधाला कांद्याची फोडणी दिल्यासारखा वास येतो. पात द्यायचीच तर धार काढून झाल्यावर आणि थोडीच. फार कांदा शेळीच्या रक्तालाही चांगला नाही.

हातांना लागलेला वास नुसत्या साबणानं जात नाही, कारण तो तेलात बसलेला असतो. आधी हातांना थोडं गोडंतेल चोळायचं, मग बेसन, मग साबण. कोठीतले कपडे वेगळे; ते धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात भिजवायचे. इथं खार कामाला येतो, कारण वास आम्लाचा आहे. सोड्यानं ते पाण्यात विरघळणारं होतं आणि निघून जातं. घरातल्या कपड्यांची आणि कोठीतल्या कपड्यांची दोरीही वेगळी ठेवते.

एवढं करूनही एक अडचण राहते, ती आपल्याच नाकाची. ज्या वासात आपण रोज राहतो तो नाक मोजणं बंद करतं. त्यामुळे ‘मला तर काही वास येत नाही’ हे बोकडवाल्याचं वाक्य खरं असतं आणि बिनकामाचंही. माझी मुलगी नाशिकला हॉस्टेलवर असते. ती सुट्टीला आली की उंबऱ्यावरच तिला विचारते, “काय गं, कसं आहे?” तिचं तोंड बघितलं की मला उत्तर मिळतं. शाळेत असताना मैत्रिणी तिच्या दप्तराला नाक लावत. तेव्हापासून तिचं दप्तर आणि गणवेश पत्र्याच्या पेटीत ठेवायला लागलो. बोकडाचं प्रकरण शेजाऱ्यांच्या तक्रारीपेक्षा मुलांच्या दप्तरातून जास्त बोचतं. एसटीत शेजारची बाई सरकून बसली तर मोठ्या माणसाला दुर्लक्ष करता येतं, पोराला येत नाही.

शेजाऱ्यांशी आम्ही काही गोष्टी न बोलता ठरवल्या आहेत. कुणाच्या घरी लग्न, बारसं, दहावा-तेरावा असला की बोकड मळ्यात जातो. नवरात्रात रेणुकामातेच्या दर्शनाला घरोघरी पाहुणे येतात, आणि नेमका तोच काळ बोकडाच्या ऐन जोराचा. आपल्याकडे शेळ्या वर्षभर माजावर येतात, पण पावसाच्या सुरुवातीला आणि पाऊस सरल्यावर जास्त. त्या नऊ दिवसांत शेळ्या लावायला आणणाऱ्यांनाही मळ्याचाच पत्ता देते. शेजारच्या काकू बोकडावर सगळ्यात जास्त चिडायच्या. त्यांच्या सुनेनं बचत गटाच्या कर्जातून दोन शेळ्या घेतल्या. त्यानंतर तक्रार थांबली असं नाही, पण तिचा सूर बदलला. आता त्या म्हणतात, “वहिनी, आज तुमचा बोकड फार माजलाय, आमची काळी बघून ठेवा.” वास तोच, त्यात त्यांचा वाटा आला एवढंच.

शेळ्या-मेंढ्यांसाठी राज्याचं जे महामंडळ आहे, त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवींचं नाव आहे. त्यांचा रंगमहाल आमच्या गावात आहे. धनगरांच्या घरातल्या या बाईला बोकडाच्या वासाचं कुणी काही सांगायला गेलं असतं का, असं कधीकधी मनात येतं. शेळी-मेंढीचा गौरव करताना भाषणं होतात, हार घातले जातात. जनावराशेजारी राहणाऱ्या बायकांच्या अंगाला येणारा वास मात्र कुणाला नको असतो. माझं म्हणणं एवढंच की या वासाची लाज बाळगू नये आणि त्याचं कौतुकही करू नये. तो आवरायची गोष्ट आहे.

कारण वास गेला तर मला आनंद होत नाही, काळजी वाटते. ऐन हंगामात बोकडाचा दर्प उतरला की मी आधी त्याचं खाणं बघते, डोळ्यांची आतली कातडी फिकट तर नाही ना ते बघते, जंत, ताप, पायाचं दुखणं बघते. आजारी किंवा उपाशी बोकड नट्टापट्टा करत नाही. एकदा एक म्हातारे धनगर बाबा शेळी घेऊन आले होते. बोकडाची उंची, शिंगं, पाय काहीच न बघता त्यांनी त्याच्या शिंगांमागे बोट फिरवलं, हुंगलं, आणि शेळीची दोरी माझ्या हातात दिली.

आजकाल योजनेतून दहा शेळ्या आणि एक बोकड असा गट मिळाला की नवी पोरं आधी शेड कुठं उठून दिसेल ते बघतात. माझ्याकडे सल्ल्याला येतात तेव्हा मी त्यांना आधी बोकडाची जागा ठरवायला लावते, मग शेळ्यांची, मग धार काढायची. उतार, चर, वारा आणि शेजारी, या चार गोष्टी कागदावर मांडून झाल्या की शेड आपोआप जागेवर बसतं. एवढं झाल्यावरही ते विचारतातच, “पण वास येणार नाही ना?” शेजारीही मला हेच विचारतात. दोघांना माझं उत्तर एकच असतं: वासाची हमी मी देत नाही, डोळे चुरचुरणार नाहीत, एवढी देते.